पवननगरपासून सुरुवात: नाशिकमध्ये मोठ्या माणसांना लिहाय-वाचायला शिकवायचं असेल तर

माझ्या पहिल्या वर्गाला चौदा जणी आल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात दोघी उरल्या. त्यातली एक आमच्याच घरी धुणंभांड्याला येणारी, म्हणजे भिडेखातर. मी नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस. हाताशी वेळ भरपूर, फळा कोरा करकरीत, हेतू चांगला. चुकलं काय ते कळायला वर्ष गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

त्या बायका एकेका कामासाठी आल्या होत्या. एकीला बसची पाटी वाचायची होती. दुसरीला बचत गटाच्या रजिस्टरवर सगळ्यांदेखत अंगठा उठवायचा कंटाळा आला होता. तिसरीला नातवाच्या शाळेतून फोनवर येणारा मेसेज शेजारणीकडे न नेता समजून घ्यायचा होता. आणि मी फळ्यावर 'अ अननसाचा' काढून बसलो होतो. द्राक्षाच्या गावात, साठीच्या बाईला, अननस!

पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने शिकलो त्या क्रमाने नाहीत. ज्या क्रमाने शिकायला हव्या होत्या, त्या क्रमाने आहेत.

१. पहिल्या दिवशी फळा झाकून ठेवा

पहिल्या दिवशी फक्त गप्पा मारा आणि एकच प्रश्न विचारा: "वाचता येत नाही म्हणून शेवटचं कुठे अडलं होतं?" "तुम्हाला काय शिकायचंय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "तुम्ही शिकवाल ते, सर" असंच येतं, आणि त्या उत्तराचा काहीही उपयोग नसतो. कुठे अडलं ते विचारलं की गोष्टी बाहेर येतात. जिल्हा रुग्णालयात चुकीच्या खिडकीसमोर तासभर रांग लावली. मार्केट यार्डात पट्टीवर, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, किती रुपये लिहिले ते कळलंच नाही. एटीएमपाशी अनोळखी पोराला कार्ड द्यावं लागलं.

हे सगळं वहीत टिपून ठेवा, प्रत्येक नावापुढे एक काम. तोच तुमचा अभ्यासक्रम. ते काम जमलं की माणूस दुसरं काम आपणहून सांगतो.

एक भान मात्र पहिल्यापासून ठेवा. समोरचा माणूस अक्षर ओळखत नाही, पण अडाणी नाही. माझ्या वर्गात भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. पावणेतीन किलो वांगी साठ रुपयांनी किती, हे माझा कॅल्क्युलेटर उघडायच्या आत त्यांचं सांगून झालेलं असतं. 'शाब्बास', 'व्वा, बाळा' हे शब्द त्यांच्यासमोर तोंडातून निघाले की समजा, त्या पुढच्या आठवड्यात येणार नाहीत. ताई, मावशी, दादा, भाऊ म्हणा आणि अहो-जाहो करा. शाळेत असताना मास्तर आपल्याशी बोलायचे तसं बोलू नका.

२. जागा आणि वेळ तुमच्या नाही, त्यांच्या सोयीची

माझी पहिली वेळ होती संध्याकाळी सहाची. मला बरी पडत होती. पण सहा म्हणजे घरात पोळ्यांची वेळ आणि काही वस्त्यांमध्ये नळाला पाणी यायचीही वेळ. नळ सोडून 'नळ' हा शब्द शिकायला कोण येईल?

आता आम्ही बायकांचा वर्ग दुपारी तीन ते साडेचार घेतो आणि पुरुषांचा रात्री नऊ ते दहा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली माणसं पाळीनुसार येतात. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यांच्यासाठी रविवारी सकाळी एक तास वेगळा ठेवलाय. फुले दाम्पत्याने १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी काढलेली शाळा रात्रशाळा होती, ती उगाच नव्हे.

जागेसाठी आधी वस्तीतलं समाजमंदिर, अंगणवाडीची खोली, देवळाचा सभामंडप किंवा महापालिकेच्या शाळेचा एखादा वर्ग बघा. शाळेच्या वर्गात एक अडचण असते: बाकं लहान मुलांची. गुडघे दुखणाऱ्या बाईला त्यात बसवलं की तिला आधीच ओशाळल्यासारखं होतं. सतरंजी आणि भिंतीला टेकायची सोय त्यापेक्षा बरी.

जागा देणारं मंडळ हौसेने फ्लेक्स लावू म्हणेल. 'निरक्षरांसाठी मोफत वर्ग' असा बोर्ड दारावर लागला की गल्लीतल्या लोकांसमोर त्या दारातून आत जायची कोणाची हिंमत होत नाही. आमच्याकडे एकदा लागला होता. दोन दिवसांत मी स्वतः स्टूलवर चढून काढला आणि मंडळाच्या अध्यक्षांचा रोष पत्करला. फोटोंचंही तेच. अंगठ्यावर शाई लागलेल्या माणसाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं ही समाजसेवा नव्हे.

३. सरकारी नोंदणी करून घ्या, पण तिच्यासाठी थांबू नका

केंद्र सरकारचा 'उल्लास' नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या कोणालाही त्यात शिकता येतं. शिकवणारे सगळे स्वयंसेवक असतात. मानधन नाही, हे आधीच समजून घ्या आणि घरच्यांनाही सांगून टाका. कार्यक्रम शाळांमार्फत चालतो, त्यामुळे तुमच्या वस्तीजवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. 'मी उल्लासमध्ये स्वयंसेवक म्हणून शिकवायला तयार आहे' एवढं म्हणालात तरी पुरे. शिक्षकांच्या डोक्यावर कामं भरपूर असतात. आयता स्वयंसेवक आला तर ते पाणी विचारतात, चहाही विचारतात.

नोंदणी 'उल्लास' ॲपवर होते. शिकणारे आणि शिकवणारा दोघांची नावं टाकून त्यांची एकमेकांशी जोडणी करतात. सोबत हे असू द्या:

- शिकणाऱ्याचं आधार कार्ड. नाव त्यावर आहे अगदी तसंच लिहायचं. माहेरचं, सासरचं, हाक मारायचं नाव अशी सरमिसळ झाली तर पुढे प्रमाणपत्रावर घोळ होतो.
- चालू मोबाइल नंबर. स्वतःचा नसेल तर घरातल्या माणसाचा, पण त्याला आधी विचारून.
- वय, पत्ता, आणि शाळेत कधी गेले असतील तर कितवीपर्यंत.
- तुमचं स्वतःचं आधार आणि मोबाइल.

बँकेचं पासबुक, पॅन कार्ड, एटीएम कार्ड यांतलं काहीही लागत नाही. कोणी मागितलं तर देऊ नका आणि शिकणाऱ्यांनाही तसं सांगून ठेवा. आधारच्या झेरॉक्स स्वतःकडे साठवू नका. नाव बघून घ्या, कार्ड हातोहात परत द्या.

नोंदणीत दिवस गेले तरी वर्ग थांबवू नका. नाव ॲपवर चढायच्या आधी आमच्या दोघीजणी पाट्या वाचायला लागल्या होत्या.

४. सामान, आणि त्यातही चाळिशी

पाटी-पेन्सिल अजूनही सगळ्यात बरी. चुकलेलं पुसून टाकता येतं. मोठ्या माणसाला वहीत खाडाखोड झालेली फार लागते. त्याशिवाय रुंद ओळींच्या वह्या, जाड शिशाच्या पेन्सिली, एक फळा आणि डोक्यावर स्वच्छ पांढरा दिवा एवढं पुरतं. रंगीत तक्ते विकत घेऊ नका. त्यांवरचे विमान, जहाज, यज्ञ, ऋषी कोणाच्याही कामाचे नाहीत.

आता महत्त्वाचं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला जवळचं धूसर दिसू लागतं. ज्यांना रोज वाचायचं असतं ते लगेच चष्मा घेतात. ज्यांनी कधी वाचलंच नाही त्यांना आपल्याला कमी दिसतं हे माहीतच नसतं. सुईत दोरा ओवायचं काम त्यांनी नातीकडे दिलेलं असतं, तेवढंच. माझ्या वर्गात एक दादा तीन महिने 'घ' आणि 'ध' यांत अडकले होते. मी त्यांना पुन्हापुन्हा शिरोरेघ समजावत होतो. मग एक दिवस त्यांनी शेजाऱ्याची चाळिशी गंमत म्हणून डोळ्यांवर चढवली आणि म्हणाले, "अहो सर, हे दोन वेगळेच आहेत की!"

तेव्हापासून नवा माणूस आला की मी आधी सुईत दोरा ओवायला देतो. जमलं नाही तर आधी डोळे तपासून घ्या म्हणतो. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. वर्गात वेगवेगळ्या नंबरच्या दोन-तीन तयार चाळिश्या ठेवा, पण त्या तपासणी होईपर्यंतच्या.

५. मराठी अक्षरं: नाशिकच्या पाट्यांवरून

हा भाग मी थोडा पसरून सांगणार आहे, कारण सगळी गंमत इथेच आहे.

मुळाक्षरं अ पासून ज्ञ पर्यंत क्रमाने शिकवू नका. मोठ्या माणसाला पहिल्याच दिवशी एक पूर्ण शब्द वाचून घरी जाता आलं पाहिजे. त्यासाठी काना-मात्रा नसलेले शब्द लागतात. नळ, घर, बस, गवत, मटण, सरपण हे आहेतच. पण नाशिककरांना देवाने आणखी एक शब्द दिलाय: पवननगर. सिडकोतला बसथांबा. प, व, न, ग, र, एवढी पाचच अक्षरं, 'न' दोनदा, आणि काना-मात्रा-वेलांटी काहीच नाही. सिडकोत राहणाऱ्या बाईने हा शब्द रोज ऐकलेला असतो आणि बसच्या कपाळावर रोज पाहिलेला असतो. ती ओळखते आधी आणि वाचते नंतर. चालेल. तोच तर धागा पकडायचा.

त्यानंतर आम्ही जवळपास या क्रमाने जातो.

अंबड. यात एक अनुस्वार आला, बाकी सरळ. शालिमार. इथे काना दोनदा आणि ऱ्हस्व वेलांटी एकदा. सातपूर. काना आणि दीर्घ उकार. मग निमाणी, पंचवटीतला बसस्टँड. हा शब्द म्हणजे शिकवणाऱ्याला मिळालेलं बक्षीस: 'नि'ला पहिली वेलांटी, 'णी'ला दुसरी, मध्ये 'मा'. दोन वेलांट्यांमधला फरक मी पूर्वी बोटं नाचवून शिकवायचो. आता म्हणतो, "निमाणीची पहिली का निमाणीची शेवटची?" पंचवटीतल्या बायकांना ते लगेच कळतं. पंचवटी हा शब्द मग त्या स्वतःच सोडवतात.

उकार, मात्रा घट्ट झाल्यावर म्हसरूळ. यात दोन काटे आहेत. एक 'म्ह', दुसरा 'रू'. 'र'ला उकार खाली लागत नाही, कुशीत लागतो. हे सांगितलं नाही तर माणूस 'रु' हे वेगळंच अक्षर समजून बसतो, आणि 'रुपये' हा शब्द तर रोजच्या कामाचा. जोडाक्षरांची सुरुवात उत्तमनगर आणि द्वारका यांवर करा. 'र'ची चारही रूपं (रफार, 'क्र'मधली तिरकी रेघ, 'ट्र'मधली खालची टोपी आणि 'दुसऱ्या'मधला चंद्रकोरीसारखा 'र') एकाच दिवशी सांगायचा मोह आवरा. मी आवरला नव्हता. त्या दिवशी एक दादा जाताना म्हणाले, "सर, हा र म्हणजे आमच्या ठेकेदारासारखा आहे, रोज नवीन तोंड."

त्र्यंबक अगदी शेवटी. तो वाचता आला की आम्ही वर्गात पेढे वाटतो.

तुम्ही पंचवटीत शिकवत असाल तर तुमचे शब्द वेगळे असतील, देवळालीत वेगळे. वस्तीतून एकदा चालत जा आणि दुकानांच्या, थांब्यांच्या, दवाखान्यांच्या पाट्या उतरवून घ्या. त्यांतून काना-मात्रा नसलेले आधी आणि जोडाक्षरांचे शेवटी असे लावा. तासाभराचं काम आहे.

भाषेबद्दल एक सूचना. पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या अनेकांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली असते. फळ्यावरचा शब्द त्यांच्या तोंडी वेगळा येईल. तो 'अशुद्ध' म्हणून दुरुस्त करू नका. ते म्हणतात तो शब्द लिहून दाखवा आणि शेजारी पाटीवरचा लिहा. आपल्या बोलीतला शब्दही लिहिता येतो हे पाहून माणसाचा चेहरा कसा होतो, ते तुम्हीच बघा.

६. आकड्यांसाठी खिशातली नोट काढा

तीस वर्षं नोटांच्या कारखान्यात काढली, पण नोट हे पाठ्यपुस्तक आहे हे निवृत्तीनंतर कळलं. सध्याच्या नव्या नोटांवर किंमत आपल्या देवनागरी आकड्यांतही असते आणि इंग्रजी आकड्यांतही. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून शिकवता येतात. मागच्या बाजूला भाषांची पट्टी असते, पंधरा ओळींची. वरून आठवी ओळ मराठीची. कोकणी, नेपाळी आणि संस्कृतही देवनागरीतच आहेत, त्यामुळे 'यातली आपली ओळ कोणती ते शोधा' हा खेळ चांगला रंगतो. 'शंभर रुपये' ही ओळ वाचता आली की बँकेच्या स्लिपवरच्या 'अक्षरी रक्कम' या रकान्याची निम्मी भीती जाते.

आता सापळा. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना वीस आधी. म्हणून ऐकून लिहिणारा माणूस हमखास ५२ लिहितो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मीही तेव्हा चार लोकांत त्या पुस्तकाची टिंगल केली होती. वर्ग घेऊ लागल्यावर टिंगल बंद झाली. मी दोन्ही सांगतो: म्हणायचं पंचवीस, लिहिताना मनात वीस-पाच. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी यांना मात्र वेळ द्यावाच लागतो. तिथे जवळचा रस्ता नाही.

तोंडी हिशेब शिकवायच्या फंदात पडू नका. तो त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येतो. फक्त तो कागदावर उतरवायला शिकवा.

७. सही: इथे सर्वांत जास्त जपा

सगळ्यांना आधी सही हवी असते. साहजिक आहे. पण माझ्या हातून इथेच सगळ्यात मोठी चूक झाली.

एका मावशींना दोन महिन्यांत सुरेख सही यायला लागली. मी म्हटलं, आता अंगठा विसरा. त्या ताठ मानेने बँकेत गेल्या आणि पैसे काढायच्या स्लिपवर सही केली. काउंटरवरच्या माणसाने ती परत केली, कारण खात्यावर अंगठ्याची नोंद होती. मागे रांग उभी. त्यांना पुन्हा शाईत अंगठा बुडवावा लागला. मावशी पंधरा दिवस वर्गाला आल्या नाहीत. बँकेचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती.

म्हणून क्रम असा ठेवा. सही दर वेळी सारखी येऊ लागली की आधी बँकेत अर्ज द्यायचा, सोबत पासबुक आणि आधार न्यायचं, नवी सही नोंदवून घ्यायची. नोंद झाल्याचं कळल्यावरच स्लिपवर सही. पहिल्या खेपेला तुम्ही सोबत जा, पण काउंटरवर बोलू द्या त्यांनाच.

दुसरा धोका याहून मोठा आहे. अंगठा घेताना समोरचा माणूस निदान मजकूर वाचून दाखवतो, साक्षीदार घेतो. सही आली की तो धरून चालतो की हिला वाचता येतं, आणि कागद नुसता पुढे सरकवतो. सही येते पण वाचता येत नाही ही अवस्था अंगठ्यापेक्षा जास्त घातकी. गटाच्या कर्जाचे कागद, भाडेकरार, उसनवारीची चिठ्ठी, सगळीकडे. त्यामुळे आमच्या वर्गात नियम आहे: स्वतःचं नाव, रक्कम आणि तारीख या तीन गोष्टी कोणत्याही कागदावर शोधता येईपर्यंत सहीचा सराव फक्त पाटीवर. आणि एक वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने घोकून घेतो: "आधी वाचून दाखवा, मग सही करते." लाजऱ्या बायका हे वाक्य पहिल्यांदा पुटपुटतात. दहाव्यांदा खणखणीत म्हणतात.

शिकणारी माणसं तुमच्यावर विश्वास टाकतात, कधीकधी नको तेवढा. कोणी एटीएमचा पिन सांगू लागलं, ओटीपी वाचायला फोन पुढे केला, तर कान आणि डोळे बंद करा. 'सरांनासुद्धा सांगायचं नाही' हे तुमच्याच तोंडून त्यांनी ऐकलं पाहिजे.

८. इंग्रजी: एमएच १५ पासून

मराठी वाचन थोडं रुळल्याशिवाय इंग्रजीला हात लावू नका. दोन्ही एकदम सुरू केलं की खिचडी होते. अपवाद फक्त दहावीच्या आसपास शाळा सुटलेल्यांचा. त्यांना मराठी येतं, इंग्रजीची धास्ती असते. त्यांचा वर्ग वेगळाच ठेवा.

नाशिकमधल्या प्रत्येक गाडीवर इंग्रजीचा पहिला धडा लिहिलेला आहे: एमएच १५. 'एम' आणि 'एच' ही दोन अक्षरं आणि इंग्रजी आकडे इथून घ्या. वर्गाबाहेर उभ्या असलेल्या दुचाक्यांच्या नंबरप्लेट वाचायला लावा. पुढची अक्षरंही तिथेच मिळतात. आधी मोठी लिपीच शिकवा, कारण पाट्या, फॉर्म, औषधाच्या पट्ट्या यांवर तीच जास्त असते. छोटी लिपी मागाहून फोनच्या कीबोर्डवरून. छोट्या लिपीतले 'बी' आणि 'डी' एकमेकांचे आरसे आहेत. त्यात महिनाभर गोंधळ होणार, होऊ द्या.

मराठी माणसाची खरी अडचण वेगळी असते. आपल्याकडे अक्षराचं नाव तोच त्याचा उच्चार: 'क' म्हणजे क. इंग्रजीत नाव 'डब्ल्यू' आणि उच्चार 'व', नाव 'एच' आणि उच्चार 'ह'. 'सी' तर कधी क, कधी स. त्यामुळे नाव आणि आवाज दोन्ही वेगळे सांगा, आणि 'असं का?' विचारलं तर खरं सांगा की यामागे नियम कमी, सवय जास्त. हे ऐकून लोकांना फार बरं वाटतं. इतकी वर्षं त्यांना वाटत असतं की आपल्याच डोक्यात काही कमी आहे.

मग त्यांनाच विचारा, दिवसभरात तुम्ही कोणते इंग्रजी शब्द बोलता? मोबाइल, रिचार्ज, चार्जर, बॅलन्स, गॅस, कुकर, स्टॉप, टिकीट, गोळीसाठी टॅब्लेट, कंपनीत शिफ्ट, ओव्हरटाइम, सुपरवायझर. फळा भरून जातो. "एवढं इंग्रजी तुम्हाला येतंच. आता फक्त डोळ्यांनी ओळखायचं," असं म्हणा. औषधाच्या पट्टीवरची एक्सपायरीची तारीख, कारखान्यातली 'डेंजर'ची पाटी, फोनमधला मिस्ड कॉल, हे धडे व्याकरणाआधी येतात. काळ, कर्ता, कर्म यांना मी अजून हात लावलेला नाही.

बोलायला शिकायचं असेल त्यांना त्यांच्या कामातली दहा वाक्यं द्या. हॉटेलात साफसफाई करणाऱ्या ताईला 'रूम साफ करू का?' हवं असतं, रिक्षावाल्या दादाला 'सुट्टे नाहीत' आणि 'कुठे सोडू?'. पाठांतर करून घेऊ नका. तुम्ही गिऱ्हाईक व्हा आणि हुज्जत घाला. हुज्जत घालताना माणूस लाजायचं विसरतो.

९. वर्ग रिकामा होईल. होऊ द्या.

ऑक्टोबरची छाटणी लागली की दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जाणारी माणसं गायब होतात. द्राक्षाची तोडणी लागली की पुन्हा. लग्नसराई, पोराची दहावी, सासूचं आजारपण आहेच. हजेरीपट ठेवून रागावू नका. 'का आला नाहीत?' याऐवजी 'बरं झालं आलात' म्हणा आणि जिथे सोडलं होतं त्याच्या जरा मागून सुरू करा. प्रत्येकाच्या वहीच्या मागच्या पानावर आपण कुठवर आलो ते लिहून ठेवलं की महिन्याने आलेल्या माणसालाही धागा सापडतो.

शक्य असेल तर जोडीला आणखी एक स्वयंसेवक घ्या. तुम्ही गावाला गेलात आणि वर्ग दोनदा बंद राहिला, तर तिसऱ्यांदा कोणी येत नाही. दाराला कुलूप बघून परत जाणं त्यांना आयुष्यभर पुष्कळ झालेलं असतं.

१०. परीक्षा आणि त्यानंतर

उल्लासची पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान चाचणी महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ ला पहिल्यांदा झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण, वेळ तीन तास, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. उत्तीर्ण झालं की प्रमाणपत्र मिळतं. रविवार होता, पण मार्च म्हणजे द्राक्षाचा ऐन हंगाम, आणि बागेला रविवार नसतो. तारीख कळल्या कळल्या सगळ्यांना सांगा, म्हणजे मुकादमाशी आधी बोलून घेता येतं. आधार, चाळिशी आणि दोन पेनं बरोबर न्यायला सांगा. चाळिशीचं आदल्या दिवशी पुन्हा सांगा.

परीक्षेची सक्ती करू नका. बसची पाटी वाचायला आलेली बाई पाटी वाचायला लागली की तिचं काम झालं. तिला प्रमाणपत्र नको असेल तर नको.

ज्यांना पुढे जायचंय त्यांना रस्ते आहेत. राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत, दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, आणि मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून आपल्या नाशिकमध्येच आहे. या प्रत्येकाची माहिती शिकणाऱ्याला बरोबर घेऊन, प्रत्यक्ष कार्यालयात जाऊनच घ्या. कोणी दलाल 'सर्टिफिकेट घरपोच देतो' म्हणाला तर सरळ उठून या. नुसतं वाचत राहायचं असेल त्यांना सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा. १८४० सालचं वाचनालय आहे ते. आमच्या एक ताई तिथे पहिल्यांदा गेल्या तेव्हा दारातच थबकल्या. मला वाटलं बुजल्या. त्या पाटी वाचत होत्या. 'सार्वजनिक'मधल्या रफारापाशी जरा अडल्या, मग म्हणाल्या, "ठेकेदार!" आणि आत गेल्या.